मोरीच्या पाण्यावरचा बेलपटा

आमच्या नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येतं. कधी पहाटे चारला, कधी रात्री अकराला. अशा घराच्या मागच्या अंगणात मी बेलपटा, म्हणजे दलदलीत वाढणारं जास्वंदीच्या कुळातलं झाड, लावतेय हे कळल्यावर शेजारच्या अक्का कंपाउंडवरून वाकून म्हणाल्या, "टीचर, प्यायला पाणी पुरंना आन् तुम्ही चिखलातलं झाड लावालाव व्हय ओ?"

अक्कांचं चुकलं नव्हतं. फक्त एक होतं, चिखल आमच्याकडे आधीपासूनच होता. झाड नंतर आलं.

मागे धुण्याचा दगड आणि त्याला लागून भांडी घासायची मोरी. पाणी आलं की चार दिवसांचं धुणं एकदम निघतं. चादरी, टॉवेल, मामंजींची धोतरं, मुलाच्या घामट जीन्स. माझ्या अंदाजानं दोन-अडीचशे लिटर साबणाचं पाणी तास-दीड तासात एकाच कोपऱ्यात जातं. जमीन जुळे सोलापुरातली, काळी आणि चिकट. पाणी सावकाश पिते आणि त्याहून सावकाश सोडते. मे महिन्यात अंगणाच्या दुसऱ्या टोकाला तळहात आत जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि या कोपऱ्यात पाय टाकला तर चप्पल रुतून राहते. वास, डास आणि सासूबाईंची टकळी, तिन्ही बारमाही.

अशा जागेला काय लावायचं विचारलं की सगळे एकच सांगतात, केळ, कर्दळ नाहीतर अळू. तिन्ही करून झालं. अळू फोफावलं, पण साबणाच्या पाण्यावरचं म्हणून घरात कोणी तोंड लावेना. केळ मे महिन्याच्या वावटळीत घडासकट आडवी झाली. कर्दळ अजून आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मला तिथं जास्वंद हवी होती. का, तर हवी होती. माहेरी मोरीपाशी जास्वंद होती, एवढं कारण मला पुरतं.

साधी लाल जास्वंद लावली. दोन महिन्यांत पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. लोहाच्या कमतरतेचं हेच चित्र मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आलेय, ते आता कुंपणापाशी उभं राहून माझ्याकडे बघत होतं. आमच्या चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना ते उचलता येत नाही. त्यात पाय सतत ओले. शेवटी उपटली, तर मुळं काळी पडलेली आणि हाताला बुळबुळीत.

हे रडगाणं मी भाच्याला फोनवर ऐकवलं. तो अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात असतो. त्यानं लगेच त्याच्या अंगणातला फोटो धाडला. छपराचं पागोळ्यांचं पाणी जिथं साचतं तिथं माणसाहून उंच झुडूप आणि त्यावर लालभडक फुलं. "मावशी, ही बघ आमच्याकडची दलदलीतली जास्वंद. मुळात इथलीच." शास्त्रीय नाव हिबिस्कस कॉक्सिनियस. जॉर्जिया, फ्लोरिडा, अलाबामा भागातल्या पाणथळ जागांमध्ये ही आपसूक येते. फूल वीतभर रुंद, पण पाच पाकळ्या एकमेकींना टेकत नाहीत. मधून आरपार दिसतं, जणू लाल पंख्याची पाती. थंडीत सगळं झुडूप जमिनीपर्यंत वाळून जातं आणि वसंतात बुडातून पुन्हा फुटतं. पानं पाच बोटांची, करवती कडांची. नवरा चष्मा वर करून म्हणाला, "हे लावलंस तर पोलीस येतील." खरंच, पान थेट गांजासारखं दिसतं. तिकडच्या लोकांचीही तीच गफलत होते म्हणे.

डिसेंबरात येताना बी घेऊन येतो, म्हणाला. मी नको म्हटलं. एक तर परदेशातून बी असं परवान्याशिवाय पिशवीत टाकून आणता येत नाही. आणि दुसरं म्हणजे माझी मलाच लाज वाटली असती. बारावीला जैवविविधतेच्या धड्यात मी परक्या वनस्पतींवर तासभर बोलते. उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. कंबर तलावावर जलपर्णी माजली की पाणी दिसेनासं होतं. ती दक्षिण अमेरिकेतली, सुंदर जांभळ्या फुलांसाठी आणलेली. गावोगावच्या ओढ्यांत जी बेशरम उभी असते तीही तिकडचीच, आणि फूल तिचंही देखणंच. भाच्याची जास्वंद इथं तसंच करेल असं मी म्हणत नाही. पण पाण्यापाशी लावायचं देखणं परकं झाड म्हटलं की मला आता घाम फुटतो.

भाच्याला राग आला असावा. "मग तुझी जास्वंद तरी कुठे भारतातली आहे?" मुद्दा बिनतोड. तिच्या शास्त्रीय नावातच 'चीनचा गुलाब' आहे, आणि रानटी अवस्थेत ती कुठेच सापडत नाही. गणपतीनं तिला नागरिकत्व दिलं, एवढंच. आणि अंबाडी? जास्वंदीची सख्खी बहीण, तीही हिबिस्कसच, आणि आली आफ्रिकेतून. आमच्या मंडईत त्याच आंबट पाल्याच्या कुळाला तीन नावांनी हाका ऐकू येतात. मी अंबाडी म्हणते, कानडी बायका पुंडी म्हणतात, अक्का तेलुगूत पुंटिकूर म्हणतात. अंबाडीला परकी म्हणायची माझी हिंमत नाही. अक्का तर मला उभंच करणार नाहीत.

म्हणजे 'आपलं' झाड ठरवणं दिसतं तेवढं सोपं नाही. मी माझ्यापुरती एक रेघ ओढली. दलदलीतली जास्वंद लावायची तर आपल्या किनाऱ्यावर आपसूक वाढणारी लावायची, आणि तिला नळाचं ताजं पाणी एक तांब्याही घालायचा नाही.

हे झाड मी आधी पाहिलेलं होतं. कॉलेजच्या सहलीबरोबर रत्नागिरीला गेलो होतो, तेव्हा भाट्याच्या खाडीजवळ, खारफुटी जिथं संपते आणि माड सुरू होतात तिथं, हृदयाच्या आकाराच्या पानांची वेडीवाकडी झाडं पाण्यावर ओणवी झालेली. खाली चिखलात पिवळी, नारिंगी, विटकरी फुलं पडलेली. मुलं म्हणाली, मॅडम, तीन झाडं आहेत. झाड एकच होतं. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकांनी नाव सांगितलं, बेलपटा. पूर्वी याच्या सालीचे दोर वळायचे आणि हलक्या लाकडाचे तुकडे जाळ्यांना बांधायचे, म्हणजे जाळं तरंगतं.

शास्त्रीय नाव हिबिस्कस टिलियाशियस. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं 1753 मध्ये ठेवलेलं, युरोपातल्या टिलिया नावाच्या झाडासारखं पान म्हणून. 2001 मध्ये फ्रायक्सेल या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याला जास्वंदीच्या घरातून वेगळं काढून टॅलिपॅरिटी या नव्या प्रजातीत बसवलं. हे वेगळेपण सगळ्यांनी मान्य केलेलं नाही, मीही वर्गात जुनंच नाव सांगते. पण नवं नाव मला फार आवडतं, कारण ते मल्याळम नावावरून आलंय. मल्याळममध्ये परुत्ती म्हणजे कापूस. अक्कांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आमच्यात पत्ति." कापूस, भेंडी, अंबाडी, जास्वंद सगळं एकच कूळ. चादरी-टॉवेलांच्या गावात, चादरी-टॉवेलांच्या धुण्याच्या पाण्यावर, कापसाचं नाव लावणारं झाड. हे जुळवून आणलेलं नाही, नंतर लक्षात आलं.

2021 च्या एप्रिलमध्ये ओळखीच्या एकांनी कोकणातून येताना पेरभर जाडीच्या चार काड्या आणल्या. मी उत्साहात तशाच खड्ड्यात खोचल्या. एप्रिल, सोलापूर. आठवड्यात चारही काड्या सरपण. शिकवणं वेगळं आणि करणं वेगळं, हे विद्यार्थ्यांना सांगत नाही, पण इथं लिहिते.

जूनमध्ये पुन्हा मागवल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून. या वेळी दोन काड्या बाटलीत पाण्यात ठेवल्या आणि दोन रेताड मातीच्या पिशवीत सावलीला. बाटलीतल्यांना तीन आठवड्यांत पांढरी मुळं आली. फांदीवरून लावायला याच्यासारखं सोपं झाड नाही. बी मात्र कठीण कवचाचं, खरवडल्याशिवाय लवकर रुजत नाही. ते समुद्रावर तरंगत लांब जायला बनलेलं आहे, घाई त्याला कशाची असणार.

खड्ड्याची गोष्ट मात्र नीट सांगते, कारण सगळी मेख तिथं आहे. दलदलीतलं झाड म्हणजे डबकं नव्हे. डबकं केलं तर आधी डास होतात, मग दारावर तपासणीला माणसं येतात. आम्ही तीन फूट लांब-रुंद आणि अडीच फूट खोल खड्डा घेतला. घराच्या भिंतीपासून बारा फूट लांब, कारण ही मुळं पाण्याच्या वासानं कुठेही जातात. तळाला विटांचे तुकडे, त्यावर मुरूम, मग निघालेली काळी माती आणि शेणखत अर्धं-अर्धं, आणि वर चार बोटं खडी. मोरीचा पाइप खडीच्या खाली सोडला. पाणी येतं, वर दिसत नाही. वरची खडी बोटानं बाजूला केली की खाली ओल हाताला लागते. मोरीच्या तोंडाशी जुनी चहाची गाळणी बसवली, भाताची शितं अडायला.

गवंडीकाम करणारा म्हणाला, "मॅडम, ह्ये शोषखड्डाच झाला की ओ, वर झाड कशाला?" त्याला म्हटलं, झाड आहे म्हणून तर शोषतो.

साबणाच्या पाण्यात सोडियम असतं, आमचं बोअरही मचूळ. अळवाची पानं त्यानंच कडेनं करपायची. बेलपटा खाडीकाठचा, त्याला खाऱ्या पाण्याचं कौतुक नाही आणि चुनखडीचंही. गावठी जास्वंद जिथं पिवळी पडली त्याच जागी याची पानं गडद हिरवी. दुष्काळी गावात हे झाड जगतं ते पाण्याच्या जोरावर नाही, वाईट पाणी चालतं म्हणून. पाणी यायला पाचवा दिवस लागला की दुपारी पानं मान टाकतात, संध्याकाळी सावरतात. सहाव्या दिवशी मात्र माझीच मान खाली जाते.

एकदा मारता मारता वाचलं. दिवाळीच्या आधी मोरीची फरशी चकाचक करायची म्हणून अ‍ॅसिड आणलं, ओतलं, घासलं आणि पाणी सोडून दिलं. कामाच्या मावशींना बोल लावला असता, पण बाटली मीच आणली होती आणि ओतलीही मीच. तिसऱ्या दिवशी अर्धी पानं तांबूस, कागदासारखी. खडी काढून टाकीतलं राखलेलं पाणी ओतलं, बादलीमागून बादली. नेम मोडला तो तेवढाच. तेव्हापासून फरशीला चिंच आणि राख.

पहिलं फूल 2023 च्या पावसाळ्याअखेरीला आलं. कळी मिटलेल्या छत्रीसारखी पिळदार. रविवार होता, मी पाटावर बसूनच राहिले. साडेसातला पीळ सैल. नऊच्या सुमाराला उघडलं, लिंबाच्या सालीसारखं पिवळं, पाकळ्या एकमेकींवर चढलेल्या, आणि आत तळाशी पिकल्या जांभळासारखा गडद डाग. त्यातून वर आलेली नळी, तिच्यावर केसरांची दाटी, आणि अगदी टोकाला पाच मखमली ठिपके, मातकट लाल. भिंगाखाली त्यांच्यावर परागाचे कण मोहरीसारखे चिकटलेले दिसतात. दुपारी दोनला कडा जर्दाळूसारख्या झाल्या. साडेपाचला अख्खं फूल नारिंगी, संधिप्रकाशात तांबडं. पाकळ्यांत दिवसभर लाल रंगद्रव्य तयार होत जातं, अँथोसायनिन. वांग्याला, जांभळाला रंग देणारं तेच कुटुंब. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खडीवर पडलेलं होतं, पाकळ्या, नळी, केसर सगळं एकसंध, तोंड वर करून, विटेच्या रंगाचं.

सासूबाईंनी लगेच निकाल दिला. "सकाळी विठोबाला, संध्याकाळी गणपतीला. एकाच फुलात दोघांचं भागतं." मग स्वतःच दुरुस्ती केली, की संध्याकाळी झाडावर असेपर्यंतच. खाली पडलेलं देवाला चालत नाही, तो मान फक्त प्राजक्ताचा.

ओळखीचे लोक येतात आणि म्हणतात, हा तर भेंड. रस्त्याकडेला असतो तो, परस पिंपळ. गफलत साहजिक आहे, दोघांचं फूल पिवळं, डोळा गडद, आणि दोन्ही संध्याकाळी रंग बदलतात. मी त्यांना पान उलटं करून दाखवते. भेंडाचं पान गुळगुळीत, तुळतुळीत. बेलपट्याची मागची बाजू राखाडी, बोट फिरवलं तर जुन्या फलाटीनसारखी. आणि फुलात बघायचं, टोकाचे पाच ठिपके सुटे असले तर बेलपटा.

पान उलटलंच आहे तर आणखी एक बघा. देठाजवळ मधल्या शिरेवर एक बारीक चीर दिसते, कधी शेजारच्या शिरांवरही. ही मधाची कुपी. फुलात नाही, पानावर. मुंग्या तिथं रांगेनं येतात, चाटतात, आणि पानावर चढणाऱ्या दुसऱ्या किड्याला पळवून लावतात. पगारी राखणदार. बीएससीला हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. पंचवीस वर्षांनी धुण्याच्या दगडावर बसून खरं पाहिलं. अर्थात या राखणदारांचं पिठ्या ढेकणाशी साटंलोटं असतं, त्याला मुंग्या उलट सांभाळतात. ते पुंजके दिसले की जोरात पाण्याचा फवारा, बस. आणि थंडीच्या सुमाराला लाल ढेकूण येतात, शेपटाला शेपूट जोडून फिरणारे, कपाशीवरचे तेच. बोंडातलं बी शोषतात. मला बी नकोच आहे, म्हणून त्यांना राहू देते. अक्कांच्या भेंडीवर गेले तेव्हा मात्र बोलणी खाल्ली.

छाटणी टाळली तर हे झाड घर गिळेल. कोकणात दोन-तीन पुरुष उंच होतं, वाकलेली फांदी जमिनीला टेकली की तिथंही मुळं धरतं. मी वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि संक्रांतीनंतर गड्ड्याची जत्रा उठली की, छाटून आठ फुटांच्या आत ठेवते. फुलं थोडी कमी येतात. येऊ देत.

पहिल्या मोठ्या छाटणीच्या वेळी मामंजी काठी टेकत मागे आले. उभी हयात गिरणीत सुतावर गेली, पण बालपण मंगळवेढ्याकडच्या खेड्यात. एक फांदी उचलली, नखानं साल सोलली, लांबलचक पट्टी निघाली. दोन्ही हातांनी ताणली. तुटली नाही. "वाख आहे की यात," म्हणाले. शेताच्या कडेला अंबाडी लावायचे, ती कापून ओढ्यात कुजवायचे, वाख काढायचे आणि बेंदराला बैलांना नवी दावी, नवे कासरे घरीच वळायचे. ते मी इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

सालीच्या पट्ट्या बादलीत भिजत घातल्या, वर दगड. दोन आठवडे त्या बादलीजवळून कोणी जाईना, असला वास. मग धुतल्या, वरचं काळं गेलं, आतून पिवळसर, चमकदार जाळीदार धागे निघाले. मामंजींनी धोतर गुडघ्यावर घेतलं, दोन पेड डाव्या हाताच्या बोटांत धरले आणि उजव्या तळव्यानं मांडीवर पीळ द्यायला लागले. हात थरथरतो एरवी, चहाची बशी धरताना सांडते. त्या अर्ध्या तासात थरथरला नाही. मध्येच म्हणाले, "लाळ लाव." मला कळेना. मग स्वतःच तळव्याला लावली, पीळ बसला. हातभर दोरी झाली. शिकवा म्हटलं तर माझा पीळ उलटा जायचा आणि सुटायचा. "तू फळ्यावरच बरी," म्हणाले.

ती दोरी सध्या कर्दळीला आधार म्हणून बांधलीय. भाच्याला फोटो पाठवला, तर त्याचं उत्तर, "माझी जास्वंद आता वाळून नुसत्या काड्या आहेत, त्यांची होईल का गं दोरी?" करून बघ म्हटलं, पण बादली बायकोपासून लांब ठेव.

या जूनमधल्या छाटणीच्या काड्या ठेवणार आहे, दहा-बारा तरी होतील. ओळखीतल्या कोणाला हवी असेल तर सांगा. कुंडीत लावायची असेल तर देणार नाही, आधीच सांगते. मोरीचं नाहीतर धुण्याचं पाणी सोडायला उघडी माती आणि भिंतीपासून दहा-बारा फूट जागा पाहिजे. अक्कांनी त्यांची एक काडी आधीच राखून ठेवायला सांगितलीय. येताना ओलं गोणपाट आणा.